मास्तरांची दक्षिणस्वारी, अर्थात मिठाच्या आवाजाचा तह

आपण आज्ञा केली की, मास्तर आपल्या कबिल्यासह शिडाचे गलबत घेऊन किनाऱ्या-किनाऱ्याने दक्षिणेस उतरले, ती मसलत कैसी जाहली, कोठे शिकस्त पडली आणि यश कोणाचे पदरी आले, ते यथास्थित लिहून पाठवावे. कारण मास्तरांच्या साडूसाहेबांनी आपल्या रोपवाटिकेत येणाऱ्या हरएक गिऱ्हाइकास कुंडीसोबत एक निराळीच हकिगत बांधून देण्याचा परिपाठ ठेविला आहे. त्यास आज्ञेप्रमाणे बंदरोबंदरीच्या बाकांवर बसणारे रिकामटेकडे पुसिले, आणि ते एकमेकांस खोटे पाडू लागले तेव्हा सर्वांसच खोटे धरिले, आणि मग जे उरले ते सत्य म्हणून येणेप्रमाणे लिहिले आहे. वाचणाऱ्याने चित्त स्थिर ठेवून वाचावे, हसू आवरावे.

मास्तर म्हणजे एका थोर शाळेचे कवायतीचे मास्तर, आता निवृत्त. अंगापिंडाने बेताचे, पोटाने किंचित पुढे, परंतु आवाज ऐसा की मैदानाच्या या टोकास ‘सावधान’ म्हणावे आणि पलीकडच्या रस्त्यावरील टपालवाल्याने सायकलीवरून उतरून ताठ उभे राहावे. उभी हयात मुखी शिट्टी आणि पुढे वर्ग, ऐसी गुजरली. पोरांनी ‘भोंगा’ हा किताब दिला, तो मास्तरांस ठाऊक होता आणि मनातून आवडतही होता. मास्तर निवृत्त जाहले त्या दिवशी शाळेने शाल दिली, भाषणे जाहली, आणि शेजारच्या वस्तीतील तान्ही मुले प्रथमच दुपारची झोपली.

त्यांचा कबिला म्हणजे बाई. कानांच्या दवाखान्यात श्रवणपरीक्षेच्या कामी तैनात. गादीने मढविलेली एक कोठडी, आत रोगी बसवावा, कानी यंत्र चढवावे, बारीक नाद सोडावा, ज्या कानी नाद उमटेल त्या बाजूचा हात रोग्याने वर करावा आणि बाईंनी काचेआडून पाहावे, ऐसी ती चाकरी. तमाम गावाचे कान बाईंच्या नजरेखालून गेले. दिवसभर शांततेत राहून त्यांचे बोलणेही पेल्यात पाणी ओतावे तैसे जाहले होते. ऐसे हे दोन मुलूख एका छपराखाली कैसे नांदले, हा निराळा विषय आहे, आणि त्याचा उलगडा शेजाऱ्यांसही जाहला नाही.

मग निवृत्तीनंतर मास्तरांस स्वस्थ बसवेना. एका दंतवैद्याचे जुने गलबत हाती आले. एक डोलकाठी, दोन शिडे, आणि आत खोली म्हणावी तर ऐसी की एकाने कूस बदलावयाची जाहल्यास दुसऱ्याने बाहेर जाऊन उभे राहावे. मास्तरांनी सोनेरी नांगराची टोपी घेतली, न घसरणारे पांढरे जोडे घेतले ते घेऊन घसरले, आणि दर्यावर्दीपणाची जाडजूड पुस्तके उशाशी घेऊन त्यांवर झोपू लागले. महिन्याभरात मुखातून ‘डावे-उजवे’ जाऊन ‘वाऱ्याकडची बाजू’ आली. जेवताना कोशिंबीर वाऱ्याकडच्या बाजूने वाढावी, ऐशी आज्ञा जाहली, तेव्हा बाईंनी भांडे मधोमध ठेवून दिले.

खुल्या दर्यात मास्तर साधू. वारा, ढग, पक्षी पाहून डोलत. बाई मागून हळूच पुसत, चहा घेणार का. मास्तर क्षितिज न्याहाळीत राहत आणि उत्तर देत नसत. बाईंनी ते गर्वाचे खाती मांडले आणि एकटीने चहा घेतला. परंतु बंदराचा धक्का दृष्टीस पडला की मास्तरांच्या अंगी संचार होई. मास्तर खासे सुकाणूवर, बाई नाळेवर, म्हणजे गलबताच्या पुढल्या टोकास, दोर घेऊन उभ्या, आणि मग जो गलका माजे तो ऐकून बंदरावरील लोक घरातून खुर्च्या घेऊन येऊ लागले. तमाशा फुकट, जागा हवेशीर.

एके सायंकाळी घरच्याच बंदरी परतताना हद्द जाहली. धक्क्यावर बाईंच्या दवाखान्याचे खासे डॉक्टर कुटुंबासह हवा खात उभे. वारा आडवा आला, गलबत तिरके जाहले, आणि मास्तरांची तोफ सुटली:

“अगं दोर! तो नव्हे, दुसरा! आता नको! आता! अगं आता म्हणतोय ना! बहिरी आहेस का?”

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिले. बाईंनी डॉक्टरांकडे पाहिले. मग हातातील दोराची नीट वेटोळी केली, ती खाली ठेविली, एक पाऊल धक्क्यावर टाकिले आणि मागे न पाहता चालू लागल्या. गलबतास बांधणारे कोणी उरले नाही, सबब ते मास्तरांस घेऊन हळूहळू बंदराच्या मध्यभागी गेले आणि तेथे गोल फिरू लागले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. डॉक्टरांच्या कुटुंबाने फोटो घेतला.

पुढे घरात ऐसे मौन पडले की भिंतीवरचे घड्याळही दबकून चालू लागले. परंतु शरद ऋतू लागला होता. थंडीत घरच्या बंदरी वादळे होत, सबब गलबत दक्षिणेस, बाईंच्या थोरल्या बहिणीच्या गावी, निवाऱ्याच्या खाडीत नेऊन ठेवावयाचे ठरले होते, आणि दुसऱ्या हाताशिवाय ते नेणे मास्तरांच्या बापासही साधते ना. सबब तहाची बोलणी लागली. ती बहीण, म्हणजे साडूसाहेबांच्या घरच्या ताई, मोबाइलवरून मध्यस्थ जाहल्या. बाईंनी एकच कलम घातले, ते ऐसे:

“जेवताना मीठ मागता ना, तेवढाच आवाज. कुठल्याही बंदरात त्याच्यावर एक शब्द चढला की मी तिथूनच बस धरणार. आणि मग होडी विकायची.”

ताईंच्या पाठीमागून साडूसाहेबांचा कंठ आला, “विकायची कशाला? मला द्या की! नर्सरीच्या दारात मांडतो, माती भरतो, शेवंती लावतो. काय दिसेल!”

मास्तरांच्या डोळ्यांपुढे आपल्या डोलकाठीवर वेल चढलेला दिसला. परंतु बाईंनी मान डोलविली होती. कलम कायम जाहले. मास्तरही मिशीवर हात फिरवून म्हणाले, मीठ तर मीठ, त्यात काय मोठे. आणि ते इतक्या मोठ्याने म्हणाले की ताईंनी मोबाइल कानापासून दूर धरिला.

मग सुमुहूर्त वगैरे न पाहता, वारा पाहून, कूच जाहले. बाईंनी आपली निळी पिशवी, आत चपला, चष्मा, एक साडी आणि प्रवासात वाचावयाचे मासिक, ऐसी भरून खोलीच्या दाराशी खुंटीस टांगिली. बंदर जवळ आले की ती पिशवी खांद्यावर चढे. मास्तरांनी पुढे कबूल केले की, दर्यातील खडक, प्रवाह, वादळ यांचे त्यांस भय वाटले नाही; भय वाटले ते त्या पिशवीचे. किनाऱ्याची झाडे पिवळी पडून वारा पाने आणून शिडात टाकीत होता, उन्हे तिरकी जाहली होती, पाणी काचेसारखे होते, आणि मास्तर यांतले काही न पाहता मनात मीठ मागण्याचा सराव करीत होते.

पहिल्या बंदरी मास्तरांनी युक्ती योजिली. धक्का दिसताच अख्खा पाव मुखात कोंबला, आवाजाची वाटच बुजविली. गलबत धक्क्यास लागले, जरा आपटले, परंतु लागले. मग बंदरावरचा अंमलदार येऊन पुसू लागला, कोठून आलात, किती दिवस मुक्काम. मास्तर त्यास डोळ्यांनी उत्तर देऊ लागले. अंमलदाराने बाईंस हळूच पुसिले, “यांना बोलता येत नाही का?” बाई उत्तरल्या, “येतं. म्हणूनच पाव.” ही पहिली फत्ते मानावी, तर मास्तरांस सायंकाळपर्यंत उचक्या लागल्या होत्या, हेही लिहिणे प्राप्त आहे.

दुसऱ्या बंदरी मास्तरांनी कपट केले. तहात आवाज बांधला होता, शिट्टी बांधली नव्हती. पेटीच्या तळाशी जुनी पितळी शिट्टी दडवून आणिली होती, ती ऐन प्रसंगी काढून मुखी धरिली आणि पूर्वीच्या सवयीने सर्व बळ एकवटून फुंकिली. त्याबरोबर धक्क्यावर सकाळचा व्यायाम करीत असलेले म्हातारे होते तसे थिजले, एक पाय वर असलेला तसाच राहिला, दोन कुत्री पाण्यात पडली, आणि शेजारच्या नौकेवरील मनुष्याने आपणांस काही अपराध घडला समजून दोन्ही हात वर केले. बाईंनी कान झाकून घेतले. मास्तर मात्र शिट्टी हाती घेऊन शांत उभे, जणू कोठे काही वाजलेच नाही.

पिशवी खांद्यावर होती. बाईंचा एक पाय धक्क्यावर पडलाही होता. मास्तर मिठाच्या आवाजात म्हणाले, “शिट्टी तहात नव्हती.” बाई विचारात पडल्या. बाईंचा स्वभाव न्यायी, हा त्यांचा जुना दोष. पाय मागे घेतला, हात पुढे केला. शिट्टी त्या हातावर आली आणि निळ्या पिशवीत कैद जाहली. ती आजतागायत सुटली नाही.

मग तिसऱ्या बंदराआधी उभयतां समोरासमोर बसून खलबत केले आणि ठरविले की, मुखाचे कामच नको, हाताने खुणा कराव्या. डावीकडे दोर टाकावयाचा तर डावा हात, उजवीकडे तर उजवा. बाई म्हणाल्या, यात चुकण्यासारखे काय आहे, माझ्या दवाखान्यात तर पोरेसुद्धा करितात. मास्तर म्हणाले, माझ्या वर्गात तर रेडेसुद्धा करीत. आणि दोघेही आपापल्या विद्येच्या जोरावर निर्धास्त जाहले, हाच घात.

तिसरे बंदर आले. डावीकडे धक्का, मोकळा, प्रशस्त, जणू पाहुण्यांसाठी झाडून ठेविलेला. उजवीकडे मासेमारीची एक जंगी नौका, दर्यात निघण्याच्या तयारीत धूर सोडीत उभी. मास्तरांस दाखवावयाचे होते डावे. परंतु मास्तर तर मास्तर. समोर तोंड करून उभ्या असलेल्यास डावे दाखवावयाचे तर गुरूने आरशाप्रमाणे उजवा हात उचलावा, ही अंगात मुरलेली रीत. उजवा हात मोठ्या दिमाखाने वर गेला. आणि बाई तर बाई. समोरच्याने उजवा हात वर केला म्हणजे त्याचा उजवा, आरसा-बिरसा काही नाही, ही त्यांची मुरलेली रीत. त्यांनी उजवीकडे दोर फेकिला, आणि आयुष्यात प्रथमच ऐसा नेमका फेकिला की मासेमारीच्या नौकेवरील एका भल्या माणसाने तो हवेतच झेलून आपल्या खुंट्यास पक्का आवळिला. त्याच क्षणी त्या नौकेने कूच केले. मास्तरांचे गलबत जैसे आले तैसे फिरले, आणि धक्क्यावरील तमाम लोकांच्या देखत बंदराबाहेर ओढले जाऊ लागले.

या प्रसंगी मास्तरांनी जे शौर्य केले त्याची नोंद इतिहासाने घ्यावी. आवाज पोटातून उठला, छातीचा किल्ला सर करून कंठाशी आला, दारावर धडका देऊ लागला. मास्तरांचे मुख तांबडे जाहले, मग जांभळे, मग त्यास नाव नाही ऐसा रंग चढला. टोपी दाताखाली धरिली. सोनेरी नांगर तुटून पाण्यात गेला. परंतु एक अक्षर बाहेर आले नाही. बाई पिशवीचा बंद धरून नाळेवर उभ्या, आणि काचेआडून रोगी पाहावा तैशा पाहत राहिल्या.

खुल्या पाण्यात आल्यावर मासेमारांस चूक कळली, दोर सुटला, आणि मग उभयतां पुन्हा समोरासमोर बसून भांडले. भांडणही तहाच्या आवाजातच जाहले, सबब दुरून पाहणाऱ्यास दोघे प्रेमाची कुजबुज करीत आहेत ऐसे वाटले असेल.

“डावा सांगितला होता मी.”

“उजवा हात वर होता तुमचा. डोळ्यांनी पाहिला.”

“अगं, वर्गाला डावा दाखवायचा तर मास्तरनं उजवाच उचलायचा असतो!”

“मी वर्ग आहे का?”

“मग काय आहेस?”

“बायको आहे. आणि माझ्यासमोर कुणी उजवा हात उचलला तर त्याचा उजवा कान शाबूत असतो, एवढं मला कळतं. बास. उद्यापासून सुकाणू माझ्याकडे. तुम्ही पुढे जा दोर घेऊन. मी सांगेन तेव्हा टाकायचा.”

हा हुकूम ऐकून मास्तरांस आपले राज्य गेलेसे वाटले. परंतु टोपीवरील नांगर आधीच गेला होता, आता सुकाणू गेले म्हणून निराळे काय बिघडणार, ऐसा विवेक करून ते उठले, नाळेवर जाऊन बसले आणि सूर्य मावळेतो दोराच्या गाठी मारीत आणि सोडीत राहिले.

आता अखेरची लढाई. साडूसाहेबांचे बंदर दिसू लागले, आणि दिसले ते सैन्यच. साडूसाहेब अग्रभागी, पोटाशी एक कुंडी कवटाळून. पाठीमागे रोपवाटिकेचा छकडा, त्यात मातीची पोती, पोत्यांवर शेवंतीच्या कुंड्या, पिवळ्या, जांभळ्या, फुललेल्या. इतका आत्मविश्वास या इसमाने आपल्या लग्नातही दाखविला नसेल. बाजूस ताई उन्हासाठी डोक्यावर पदर घेऊन, आणि भोवती साडूसाहेबांनी चहा पाजून जमविलेले शंभर-सव्वाशे फुकटे, ज्यांना मास्तर ओरडतात कधी एवढेच पाहावयाचे होते.

मास्तर नाळेवर दोर घेऊन उभे राहिले, पाठ बाईंकडे, तोंड शत्रूकडे. साडूसाहेबांनी हल्ला आरंभिला:

“काय साडूभाऊ, घसा बसला का? गोळ्या पाठवू?”

लोक हसले. मास्तर दोर आवळून उभे.

“अहो मास्तर, दोन शब्द बोला की! पूर्वी तर टपालवाले सायकलीवरून पडायचे म्हणे!”

लोक पुन्हा हसले. मास्तरांच्या मानेची शीर फुगली. उत्तर जिभेवर आले होते, ऐसे की साडूसाहेबांस जन्मभर पुरावे. परंतु मागे निळी पिशवी होती आणि पुढे माती होती. मास्तर आपले गलबत त्या छकड्यावर चढलेले, पोटात शेण-माती भरलेले, लोक त्यात उभे राहून फोटो काढीत आहेत, ऐसे मनात पाहू लागले, आणि त्यांनी उत्तर गिळले. ते पावाहून जड गेले.

सुकाणूवर बाई. वारा मागून, गती बेताची, रोख अचूक. इतक्या सुबकपणे हे गलबत त्याच्या दंतवैद्यानेही कधी आणिले नव्हते. धक्का हाकेच्या अंतरावर आला, आणि बाईंनी आपल्या नित्याच्या स्वरात आज्ञा केली, “दोर टाका.”

मास्तर उभे.

“अहो, दोर टाका.”

मास्तर उभेच, खांबासारखे. धक्का वाढत वाढत भिंतीएवढा जाहला. बाईंच्या मनात आले, हा पुन्हा तोच गर्व, हा चहाचा गर्व, आणि मग राग ऐसा चढला की गादीने मढविलेल्या कोठडीत साठविलेली अवघी शांतता एकदम फुटली:

“अहोऽऽ! टाका तो दोऽऽर!!”

बगळे उडाले. साडूसाहेबांच्या हातची कुंडी निसटली. जमलेल्या फुकट्यांनी, कोणास सांगितले ते न कळून, हाती असलेले जे ते टाकिले. आणि मास्तरांनी त्याच क्षणी दोर फेकिला, तो ताईंनी पदर खोचून झेलिला, खुंट्यास दोन वेढे दिले, आणि गलबत कपाटाचे दार मिटावे तैसे धक्क्यास येऊन टेकिले.

मग साडूसाहेब पुढे होऊन म्हणाले, “ओरडलं! तह मोडला! चला रे, पोती उतरवा.”

ताई म्हणाल्या, “तहात आवाज मास्तरांचा बांधला होता. हिचा कुठं बांधला होता?”

“पण आवाज तो आवाज!”

“तुम्ही गप्प बसा आणि ती कुंडी उचला.”

साडूसाहेबांनी कुंडी उचलिली. तह कायम राहिला, गलबत वाचले. आणि मग मास्तर वळले. जनास वाटले, आता हे बायकोवर उखडतील. परंतु मास्तरांचे मुख उजळले होते, आणि ते मिठाच्या आवाजात, मोठ्या कौतुकाने म्हणाले:

“आत्ता कसं! अगदी स्वच्छ ऐकू आलं. रोज असंच बोलत जा की. जन्मभर नुसती पुटपुटतेस.”

मास्तर पुन्हा धक्क्याकडे वळून, कंबरेवर हात ठेवून, मोडलेल्या शत्रूची पाहणी करू लागले. बाई सुकाणू सोडून त्यांच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या, हातभर अंतरावर, आणि आपल्या नित्याच्या स्वरात म्हणाल्या, “चहा घेणार का?”

मास्तर शत्रूची पाहणी करीत राहिले.

“अहो. चहा.”

काही नाही. शिट्टी वाजली तेव्हाही हे ऐसेच शांत उभे होते. तमाम गावाचे कान ज्यांनी तपासले, त्या बाईंस आपल्या जेवणाच्या ताटापलीकडचे दोन कान कधी तपासावेसे वाटले नव्हते, आणि मास्तरांनी न दिलेली उत्तरे त्या उभी हयात गर्वाचे खाती जमा करीत आल्या होत्या. त्या जरा वेळ मास्तरांच्या मानेकडे पाहत राहिल्या. मग खांद्यावरची निळी पिशवी उतरविली, आत जाऊन खुंटीस टांगिली, चहाचे आधण ठेविले, दोघांचे.

येणेप्रमाणे दक्षिणस्वारी फत्ते जाहली. आपले तर्फेचे नुकसान: टोपीवरील नांगर एक, शिट्टी कैदेत. शत्रूचे नुकसान: कुंडी एक, प्रतिष्ठा मूळचीच थोडी होती, तीही गेली. साडूसाहेबांनी आणिलेली माती माघारी नेण्यास छकडेवाला तयार होईना, सबब ती त्यांनी आपल्याच घरच्या जुन्या न्हाणीच्या टबात भरून त्यात शेवंती लाविली, आणि तेच आपल्या मनात पहिल्यापासून होते ऐसे ते गिऱ्हाइकांस सांगतात. तहाचे कलम उभयतांच्या राजीखुशीने रद्द जाहले. त्याचे जागी बाईंचा हुकूम सुटला तो ऐसा की, गलबत खाडीत नांगरून घरी पोचताच मास्तरांनी गादीच्या कोठडीत हजर व्हावे, कानी यंत्र चढवावे, आणि नाद उमटेल त्या बाजूचा हात वर करावा. आणि उजव्या कानास उजवाच हात, समोर वर्ग नाही, याची सक्त ताकीद समजावी.

मास्तरांस हा हुकूम प्रथम सांगितला तेव्हा ऐकू गेला नाही. तो पुन्हा, धक्क्यास ऐकू जाईल ऐसा, सांगण्यात आला. लिहिले ते इतकेच, आणि खरे.